परक्यांची रांग

बांतांकुंडा, गांबिया
९ ऑक्टोबर २०२३

बिराम जूफ या माझ्या गुलामास,

तुझा मालक आन्सुमाना जार्जू याच्याकडून भरपूर शिव्या. तू बरा असावास अशी मी दुआ मागितलेली नाही. बाजरीवर वाढलेली माणसं गाढवासारखी चिवट असतात, तेव्हा बरा असशीलच.

बातमी अशी, की मला बढती मिळाली. वीस वर्षं विमानतळावर लोकांच्या बॅगा उघडून त्यांचे घामट कपडे उलटेपालटे केले. आता काचेची खोली मिळाली, फिरती खुर्ची मिळाली आणि एक शिक्का. नवा नियम निघालाय. देशात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसानं वीस डॉलर भरायचे. नाव काय ठेवलंय माहितेय? स्वागत-शुल्क. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, स्वागताचे पैसे घेणारे आपणच पहिले का हो?" साहेब म्हणाले, "छे! बरेच देश घेतात. आपणच आजवर फुकट लाजत बसलो होतो."

तर आता दोन रांगा आहेत. एकीवर पाटी 'आपले', दुसरीवर 'परके'. परक्यांच्या रांगेच्या टोकाला मी. गोरे लोक उन्हात लाल व्हायला येतात, ते माझ्यासमोर आधीच लाल होतात. पहिल्याच दिवशी एक म्हातारा म्हणाला, "मी पंधरा वर्षं येतोय, मला सगळे ओळखतात." मी म्हटलं, "मीही ओळखतो. वीस डॉलर."

हसू नकोस, काम चांगलं आहे. या पैशातून समुद्राला दगडी बांध घालणार आहेत. तू गेलास तेव्हा किनारा होता तिथं आता होड्या नांगरतात. मासे वाळवायचे ओटे गेले, जुनी मशीद गेली. बांध कबरस्तानापर्यंत आणायचा ठराव झालाय. पहिला टप्पा हॉटेलांसमोर आहे, कारण पाहुण्यांना आधी वाचवायला हवं, नाहीतर वीस डॉलर कोण देणार? मग आपला नंबर. माझा प्रत्येक शिक्का म्हणजे एक दगड, असं मी मनात धरून चालतो.

तुझ्या आईची कबर ठीक आहे. गेल्याच महिन्यात कडेला चुना मारला.

हे पत्र एका नॉर्वेच्या बाईंबरोबर धाडतोय. तिकिटाचे पैसे वाचले. फोन करू नकोस. फोनवर तू मधेच हसतोस आणि माझ्या शिव्या वाया जातात.

तुझा मालक,
आन्सुमाना


बर्गेन, नॉर्वे
२ नोव्हेंबर २०२३

भातखाऊ गुलामा,

पत्र पोचलं. आणणाऱ्या बाई दारात उभं राहून म्हणाल्या, "तुमच्या मित्राला वीस डॉलर देऊन आले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना घरात घेतलं, शेंगदाण्याच्या कालवणात भात घालून वाढला. बाई जेवल्या, रडल्या, म्हणाल्या तिखट आहे. निदान इथं तरी त्यांचं स्वागत फुकटात झालं.

कुंबानं तुझं पत्र माझ्या आधी वाचलं. तिचा जन्म इथला. ती म्हणते, "बाबा, हा माणूस तुम्हाला गुलाम म्हणतो. आपण तक्रार करू या." मग तिला बसवून सांगितलं. दोन बहिणी एका होडीत होत्या. वादळात होडी मधोमध फुटली. एक बहीण दक्षिणेला वाहत गेली, तिची लेकरं म्हणजे तुम्ही, चिखलात भात लावणारे जोला. दुसरी उत्तरेला गेली, तिची लेकरं आम्ही, बाजरी पेरणारे सेरेर. म्हणून तुझं-माझं रक्त एक आणि म्हणून वाटेल ते बोलायची मुभा. रागवायचं मात्र नाही. जो रागावेल त्यानं दुसऱ्याला कोंबडा द्यायचा. कुंबानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्हाला एकमेकांशी खरं काही बोलायचं असेल तर?" मी म्हटलं, "कशाला बोलायचं?" पोरगी हुशार आहे. बाजरीचा गुण.

आता तुझ्या स्वागत-शुल्काबद्दल. थू!

अरे, आपल्या अंगणात माणूस आला की आधी पाणी. मग सावली. तीन दिवस कुणी विचारत नाही, का आलास म्हणून. आठवतो तो डच पोरगा, वाट चुकून आमच्या अंगणात शिरलेला? आईनं त्याला माशाचं डोकं वाढलं, घरातल्या कर्त्याचा मानाचा घास. घरातल्या पुरुषांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यानं ते डोकं ताटाबाहेर काढून त्याचा फोटो घेतला. आई आठवडाभर हळहळत होती, "बिचाऱ्याला घरी कुणी काही शिकवलेलंच नाही." तिनं त्याच्याकडे वीस डॉलर मागितले असते, तर मी आजही तोंड लपवून फिरलो असतो. एक देश म्हणजे काय, एक मोठं अंगणच ना? दाराशी तुझ्यासारखा कुत्रा बांधून ठेवलेलं.

इस्पितळात पलंग ढकलायचं माझं काम चालू आहे. म्हणजे हल्ली ढकलत नाही, पलंगाशीच असतो. कामाचं स्वरूप बदललंय. थंडी लवकर पडली.

पाणी आईपासून किती पावलांवर आहे ते लिही. चुन्याचं नको सांगूस, पावलांचं सांग.

आणि एक. मी आलो तर कुठल्या रांगेत?

तुझा खरा मालक,
बिराम


बांतांकुंडा
२८ नोव्हेंबर २०२३

गुलामा,

अंगणाची गोष्ट छान सांगितलीस. ती लिहायला नॉर्वेच्या गरम खोलीत बसावं लागतं. इथं अंगणात बसून अंगण दिसत नाही, पाणी दिसतं.

तुझी बायको गेली तेव्हा, सहा वर्षांपूर्वी, मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. आठवतंय? व्हिसाचे पैसे भरले. नाकारला तरी ते परत मिळत नाहीत, हे तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मला विचारलं, बँकेत किती आहेत, घर कुणाच्या नावावर आहे, तुम्ही परत जाल याला पुरावा काय. मी लिहिलं, परत जाणारच, माझा भात कापायला आलाय. त्यांना भात हा पुरावा वाटला नाही. तुझ्या बायकोच्या मातीला मी नव्हतो, कारण तुझ्या नव्या देशाच्या अंगणाला फाटक आहे आणि त्या फाटकाला खिडकी आहे आणि त्या खिडकीतला माणूस माझ्यासारखा फिरत्या खुर्चीत बसतो. मी फक्त त्याच्याकडून धंदा शिकलो.

इथले पाहुणे सांगू? हॉटेलाचे पैसे तिकडेच भरून येतात. विमान त्यांचं, हॉटेल त्यांचं, दारूही त्यांची. जाताना एक लाकडी हत्ती घेऊन जातात. आपल्याकडे शेवटचा हत्ती कुणी बघितलाय, तुझ्या आज्यानं? परवा एकीला मी तसं सांगितलं, तर म्हणाली, "मग हा कुठून आला?" मी म्हटलं, "चीनमधून, बाई. तोही परकाच. पण त्याला वीस डॉलर पडत नाहीत."

रांगेचं विचारतोस? तुझा पासपोर्ट लाल आहे. आपला होता तो तूच त्या लोकांना परत केलास, कारण एका माणसाला दोन चालत नाहीत म्हणाले. मी तेव्हाच म्हटलं होतं, सेरेर माणसाला दोन भाकऱ्या दाखव, तो जवळची टाकून लांबची उचलतो. तर परक्यांच्या रांगेत, बिरामसाहेब. आणि माझ्या खिडकीशी आलास की टोपी काढून उभा राहा.

पावलं मोजली. साठ. भरतीला पन्नास. आई निवांत आहे.

मालक


बर्गेन
६ जानेवारी २०२४

आन्सुमाना,

साठ पावलं, म्हणजे बरं आहे. तुझे पाय आखूड आहेत हे धरूनही बरं आहे.

मी येतोय. सतरा फेब्रुवारीला, दुपारच्या विमानानं. एकटाच. कुंबाला नोकरी आहे, तिला सांगितलंय की महिनाभरात येतो.

वीस डॉलर मी देणार नाही. माझ्याकडे आहेत. पाहुण्यांकडून घेऊ नयेत असं मी मागं लिहिलं, पण खरं सांगायचं तर घ्या बापडे त्यांच्याकडून. तुझं व्हिसाचं वाचल्यापासून माझं तोंड बंद झालंय. मला माझ्यापुरतं सांगायचं आहे. त्या पावतीवर लिहिलेलं असेल की मी पाहुणा आहे. पाहुणा कधीतरी परत जातो, आन्सुमाना.

तू मला आत घे. दारातला कुत्रा म्हणून नाही, होडीतला भाऊ म्हणून. नाही घेतलंस तर मी तुझ्या खिडकीसमोर आडवा पडून मरेन, मग बस शिक्के मारत.

आईशेजारी जागा आहे ना अजून? डाव्या अंगाला, चिंचेच्या बाजूला.

बिराम


बांतांकुंडा
२० जानेवारी २०२४

गुलामा,

खुशाल मर. विमानतळावर कचरा टाकण्याला दंड आहे, तोही तुझ्या वारसांकडून वसूल करीन. कुंबाला आधीच सांगून ठेव.

पण फेब्रुवारीत कशाला येतोस? वारा असतो, धूळ असते. तुझ्यासारख्या बर्फात मुरलेल्या माणसाला सोसायची नाही. पावसाळा झाल्यावर ये. तोपर्यंत बांधाचं काम इकडे सरकेल, किनाराही जरा बघण्यासारखा होईल. घाई कसली? तुझी आई कुठं जाते?

आलासच, तर रांगेतून ये.

मालक


बांतांकुंडा
१९ फेब्रुवारी २०२४

बिराम,

कोंबडा दे.

तू रागावलास. सगळ्या विमानतळानं पाहिलं. नियम तुझ्या-माझ्या आज्यांच्या आधीपासूनचा आहे, रागावेल त्यानं कोंबडा द्यायचा. तुरेवाला हवा, बर्गेनचा गोठवलेला चालणार नाही.

आता जरा ऐक. तू विमानातून उतरलास तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. केवढा वाळलायस! मला वाटलं कुणीतरी म्हातारा सेरेर स्वतःच्या मुलाचा कोट घालून आलाय. मग ओळखलं आणि आनंद इतका झाला, की तोंडातून नेहमीचंच आलं. "बघा रे बघा, माझा गुलाम विमानानं आला! टोपी काढ!" सगळे हसले. तूही हसलास, मी बघितलं.

मग तू खिडकीशी आलास, अर्ज सरकवलास आणि म्हणालास, "आन्सुमाना, मला आत घे." मी म्हटलं, "घेतो की. वीस दे." तू पुन्हा म्हणालास, "आत घे." मी म्हटलं, "हा परका गृहस्थ पैसे देत नाही, याला परत पाठवा!" हमालही हसायला लागले. माझी काय चूक? आपण चाळीस वर्षं हेच करतोय. तुझ्या लग्नात मी नवरीला सांगितलं नव्हतं का, की हा माझा पळालेला गुलाम आहे, याच्याशी लग्न बेकायदा आहे? तेव्हा तू कोंबडा दिला नव्हतास.

मग गोंगाट ऐकून साहेब आले. साहेब परगावचे, त्यांना आपली थट्टा काय कळणार. त्यांनी सरळ विचारलं, भरणार का? तू नाही म्हणालास. ते म्हणाले, मग याच विमानानं परत. मला वाटलं, आता हा पाकीट काढेल. शेवटपर्यंत वाटत होतं. रांगेतल्या एका बाईंनी तुझे पैसे भरायची तयारी दाखवली, त्यांना तू नको म्हणालास. दोन तास तू त्या बाकावर बसलास. मी चहा पाठवला, तीनदा उकळलेला, तुला आवडतो तसा. तो तसाच परत आला.

तू जिन्यावर चढताना मागं बघशील आणि शिवी देशील म्हणून मी काचेला नाक लावून उभा होतो.

पावसाळा झाल्यावर ये. तेव्हा बघू काय करता येतं. साहेबांची बदली होतेय म्हणतात.

कोंबडा विसरू नकोस.

आन्सुमाना


बर्गेन
११ मार्च २०२४

आन्सुमाना,

कोंबडा तुझा. मी रागावलो होतो.

त्याचे पैसे सोबत पाठवले आहेत, बाजारातून तूच निवडून घे.

आईकडे एकदा जाऊन ये. सांग, दारापर्यंत आला होता.

बिराम


बर्गेन
३ जून २०२४

आन्सुमाना काका,

मी कुंबा, बिराम जूफ यांची मुलगी. आपण कधी भेटलो नाही, पण तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत, म्हणून काका म्हणते. चालेल ना?

बाबा काल गेले. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी मागच्या सप्टेंबरातच सांगितलं होतं. ज्या इस्पितळात ते पलंग ढकलायचे, तिथल्याच पलंगावर होते. त्यांना ढकलणारी माणसं त्यांच्या ओळखीची होती, त्यांची ते खूप थट्टा करायचे.

तुम्हाला कळवू का, असं मी तीनदा विचारलं. ते म्हणाले, "त्याला कळवलंय मी." मी पत्रं परत वाचली. मला कुठं सापडलं नाही. तुम्हाला सापडलं होतं का?

फेब्रुवारीत ते महिन्यासाठी गेले आणि दोन दिवसांत परत आले. मला सांगितलं, विमानात बिघाड झाला. खरं काय ते तुमच्या पत्रातून कळलं. मी रागावलेली नाही, काका. तुमच्यात हे कसं असतं ते त्यांनी मला समजावलं होतं. मला ते पुरतं समजलेलं नाही, एवढंच.

त्यांना आजीशेजारी जागा हवी होती, डाव्या बाजूला. मी त्यांना घेऊन येते आहे. पेटीची परवानगी मिळाली आहे, विमान सात तारखेचं आहे. तुम्ही कबर तयार ठेवाल का? आणि पेटीसाठीही ते शुल्क भरायचं असतं का, हे इथं कुणाला सांगता येत नाही. माझे मी भरेन. त्यांचे भरले तर त्यांना आवडणार नाही, आणि न भरल्यामुळं त्यांना पुन्हा परत पाठवलं तर मी काय करू?

कुंबा


बांतांकुंडा
४ जून २०२४

कुंबा, पोरी,

तुझ्या पत्राचा फोटो मिळाला. मीही लिहून फोटोच पाठवतोय, फोनवर माझ्याच्यानं बोलवणार नाही.

पेटीला शुल्क नाही. पेटी सामानात धरतात, वजनाचे पैसे तिथंच घेतले असतील. तू ये.

एक गोष्ट तू इथं उतरायच्या आत तुला माहीत असायला हवी. तुझ्या आजीची कबर नाही. गेल्या वर्षी ऑगस्टच्या भरतीत कबरस्तानाची खालची बाजू गेली. चिंचेचं झाड गेलं, त्याच्याबरोबर ती गेली. सकाळी आम्ही गेलो तेव्हा तिथं पाणी होतं. मी चुना मारला नाही. पावलं मोजली नाहीत. तुझ्या बापाला लिहायला बसलो आणि हात दुसरंच लिहून गेला. मग दर पत्रात तेच लिहावं लागलं.

वरच्या अंगाला, शाळेमागं नवी जागा धरली आहे. तिथं कबर खणून ठेवतो. शेजारी अजून कुणी नाही.

आन्सुमाना काका


बांतांकुंडा
१४ जुलै २०२४

कुंबा,

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. जाताना तू मला मिठी मारलीस. त्यानंतर महिनाभर पत्र लिहायचं टाळत होतो, आज बसलो.

तू विचारलं होतंस, मला पत्रात काही सापडलं होतं का. पोरी, त्यानं 'येतो' लिहिलं, 'मरेन' लिहिलं, 'जागा आहे का' लिहिलं. याहून सरळ माणूस काय लिहिणार? पण आमच्यात सरळ कुणी लिहीत नाही. त्यानं मरणाचं काढलं म्हणजे मी दंडाचं काढायचं, अशी आमची रीत. परक्या माणसानं ती ओळ वाचली असती, तर त्याला दोन मिनिटांत कळलं असतं.

अजून दोन गोष्टी आहेत. त्या त्याला सांगायच्या होत्या, तुला सांगतो.

त्या दिवशी वीस डॉलर माझ्या शर्टाच्या खिशात होते. त्याच्यासाठीच आणले होते. ठरवलं होतं, पोटभर थट्टा करायची, मग पैसे आपणच भरायचे, पावती फाडून टाकायची आणि त्याला हाताला धरून आत न्यायचं. साहेब आले तेव्हा माझा हात खिशाशी गेलाही होता. मग मनात आलं, हा आत आला की पहिला आईकडे जाईल. गाडीत बसल्याबसल्या म्हणेल, आधी तिकडे घे. आणि मी हात खाली घेतला. मला वाटलं, जाऊ दे परत. पावसाळ्यानंतर येईल, तोवर काहीतरी सुचेल. तो जिना चढला तेव्हा मला बरं वाटलं होतं, कुंबा. आधी बरं वाटलं.

दुसरी गोष्ट त्याच्या अर्जाची. परक्यांना एक अर्ज भरावा लागतो. नाव, पासपोर्ट, किती दिवस राहणार. त्या रकान्यात लोक सात लिहितात, चौदा लिहितात. तुझ्या बापानं लिहिलं होतं, 'परत जायचं नाही'. मी ते वाचलं. नुसतं वाचलं नाही, मोठ्यानं वाचून दाखवलं. "ऐका हो, वीस डॉलर द्यायला तयार नाही आणि म्हणतो परत जायचं नाही! या भावात जन्मभर राहणार!" हमाल हसले, रांग हसली. तो हसला नाही. त्याला लिहिलेल्या पत्रात मी हे गाळलं होतं.

शुल्क घ्यावं की न घ्यावं, हे तू मला विमानतळावर विचारलंस. मी अजूनही म्हणतो, घ्यावं. त्यांच्याकडून घ्यावं. हॉटेलांसमोरचा बांध पुरा झालाय, चांगला भक्कम आहे, त्यावर बसून लोक सूर्यास्त बघतात. आपल्याकडे अजून दगड आलेला नाही, पण येईल. मी रोज शिक्के मारतो. फक्त दोन रांगांत माणसं वाटताना कुणाला कुठं उभं करायचं, ते पासपोर्टाचा रंग बघून कळतं, असं मला वाटत होतं.

आता त्या दुपारचं. तू पत्रात नाही लिहिलंस, पण तुझ्या मनात असणार, म्हणून सांगतो. त्याचा जनाजा दारातून निघाला आणि मी हात पसरून आडवा उभा राहिलो, तेव्हा तू घाबरलीस. ती आमची प्रथा आहे, तुला कुणी सांगितली नव्हती. थट्टेतला भाऊ मेला की दुसऱ्यानं त्याची वाट अडवायची. ओरडायचं, "हा माझा गुलाम! मला न विचारता कुठं निघाला?" घरच्यांनी अडवणाऱ्याच्या हातावर काहीतरी टेकवायचं, बायकांनी रडता रडता हसायचं, मग त्यानं वाट सोडायची. हसू आल्याशिवाय आमच्यात माणूस जात नाही. मी नसतो आलो, तर लोक म्हणाले असते, बिरामला कुणी नव्हतं.

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. चाळीस वर्षांच्या शिव्या होत्या माझ्याकडे, एक बाहेर येईना. खांदेकरी थांबले. सगळे वाट बघत होते. तुझ्या बापाचं ओझं त्यांच्या खांद्यावर होतं, फार नव्हतं, तरी होतं.

तेव्हा तू बायकांमधून पुढं आलीस. तुला वाटलं, इथंही भरायचं असतं. आदल्याच दिवशी तू खिडकीत भरले होतेस, पावती अजून तुझ्या हातातल्या पाकिटात होती. तू पाकीट उघडलंस आणि हळूच विचारलंस, "काका, किती?"

कुणी हसलं नाही.

मी सांगायला हवं होतं की नको, पोरी, ठेव ते. पण प्रथा प्रथा असते, हातावर काही पडल्याशिवाय वाट सोडता येत नाही. तू माझ्या हातावर विसाची नोट ठेवलीस. मी मूठ मिटली आणि बाजूला झालो. त्यानंतरच त्यांनी त्याला शाळेमागं नेलं.

आन्सुमाना